मांजरपाटाची खोली

कुवेतच्या सलवा भागात राहणाऱ्या एका डॉक्टरांच्या बायकोने मला फसवलं. शिलाईत नाही. शिलाई तिने वेळेवर आणि पुरेपूर दिली. तिने मला खोलीत फसवलं. खोली मी केली आणि तिने ती स्वतःच्या नावावर खपवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला मी भांडकुदळ वाटले तरी निदान कारण माहीत असेल.

कुवेतमधली सगळी मराठी मंडळी तिला वहिनी म्हणायची, म्हणून इथेही वहिनीच म्हणते. मान म्हणून नव्हे, सवय म्हणून.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. माझे यजमान सरकारी इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन होते आणि आम्ही कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका जुन्या इमारतीत राहत होतो. खिडकीखाली मी मशीन मांडलं होतं. चिपळूणकडच्या गावात सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हा मामाकडे शिवण शिकले होते. त्याच्यावर इथे पँटींना दुमड घालणं, ब्लाउज, मग पडदे, असं करत करत काम वाढवलं. कापड मी स्वतः आणायची. सुकातले, म्हणजे तिथल्या बाजारातले, इराणी दुकानदार मला लांबून ओळखायचे आणि मी येताना दिसले की चहा मागवायचे, कारण माझ्याशी घासाघीस म्हणजे तासाभराचं काम. त्यांनी ‘आखिर कलाम’ म्हणून हात झटकला, की शेवटचा भाव झाला असं इतर बायकांना वाटायचं. मला वाटायचं, आता कुठे सुरुवात झाली.

वहिनी पुण्याच्या. घर मोठं, व्हिलाचा अख्खा खालचा मजला. ऑक्टोबर लागला, उकाडा ओसरला की त्यांच्याकडे माणसांची ये-जा सुरू व्हायची. नवरात्रात हळदीकुंकू, मग कोजागिरी, दिवाळीचा फराळ, आणि डिसेंबरात डॉक्टरांचे इंग्रज, लेबनानी, सगळे सहकारी नाताळाच्या आणि नव्या वर्षाच्या जेवणाला. मराठी सणाला लाल-केशरी पडदे, डिसेंबरात चंदेरी. शिडी लावायची, कड्या काढायच्या, इस्त्री करायची. त्या वर्षी त्यांनी मला बोलावलं ते याच्यासाठीच. प्रत्येक सणाला वेगळा संच शिवून हवा होता, उशांच्या अभ्र्यांसकट.

दुसरी कुणी असती तर टेप काढून मापं घ्यायला लागली असती. एवढी शिलाई कोण सोडेल? पण मी त्या खोलीत उभी राहिले आणि आधीपासून माझ्या डोक्यात असलेला एक प्रश्न पुन्हा वर आला. आमच्या गावी अंगण शेणाने सारवलेलं असे. त्याला कुणी रंग म्हणत नसे. पण त्याच्यावर दसऱ्याचा झेंडू खुलून दिसायचा, दिवाळीची पणती दिसायची, मार्गशीर्षातली पांढरी रांगोळीही उठून दिसायची. अंगण कधी बदललं नाही आणि कुठल्याच सणाला ते जुनं वाटलं नाही. इथे अहमदी या तेल कंपनीच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याने बसमधून जाताना तसंच काहीतरी दिसायचं. दोन्हीकडे नुसती वाळू, आणि दूर तंबूपाशी ठेवलेला एखादा लाल डबा मैलभरावरून नजर खेचून घ्यायचा. म्हणजे सणाचा रंग भिंतीवर नकोच. भिंतीने गप्प बसायचं. मग रंग कुठे ठेवायचा, किती ठेवायचा, हे मला करून बघायचं होतं. माझ्या दोन खोल्यांत ते कळणार नव्हतं. त्यासाठी मोठी खोली हवी होती, आणि ती माझ्यासमोर होती.

मी वहिनींना सांगितलं, एकच संच शिवू. नवरात्रापासून एक जानेवारीपर्यंत काढायचा नाही. रंग वाळूचा, ताकाचा, उंटाचा. बदलायचं ते फक्त मधोमध ठेवलेलं.

वहिनींनी तोंड वाकडं केलं. “अहो बाई, पांढरं-मातकट घर? लोक विचारतील, कुणी गेलं का म्हणून.”

ही शंका खोटी नव्हती. माझ्याबरोबर त्या दिवशी आमच्या शेजारची नर्स आली होती, वसईची ख्रिश्चन बाई, बोलायला माझ्यापेक्षा चांगलं मराठी. तीही म्हणाली की ताई, सणासुदीला कोरं कापड बरं दिसत नाही. पण पांढरं आणि कोरं यात फरक आहे. पांढरं कापड ब्लीच करून मारून टाकलेलं असतं. मी म्हणत होते त्या मांजरपाटात, म्हणजे ब्लीच न केलेल्या जाड्याभरड्या सुती कापडात, कापसाचे काळपट कण तसेच राहतात, सूत कुठे जाड कुठे बारीक असतं, आणि उजेड त्याच्यातून आला की ताकासारखा दिसतो. मी सांगितलं की पडद्याच्या कडेला हळदीत बुडवलेल्या दोऱ्याची एक शिवण घालते, सुतकाचं नाव कुणी काढणार नाही.

मग मी माझा भाव सांगितला. शिलाई नेहमीची. कापड पडेल त्या किमतीत. डोकं चालवायचं वेगळं काही नको. पण खोली बघून जो कोणी विचारेल, त्याला सांगायचं की ही खोली या बाईंनी केली. शिवली असं नाही. केली.

वहिनी हसल्या. “एवढंच ना? सगळ्यांना सांगेन. शब्द दिला.”

हा भाव मी उगाच लावला नव्हता. त्यांच्या घरी अहमदीहून तेल कंपनीतल्या साहेबांच्या बायका यायच्या. तिथे झाडांच्या रांगांतले बंगले होते, क्लब होता, पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या होत्या. त्यातली एक जरी खोली मला मिळाली असती तर पँटींच्या दुमडी कायमच्या सुटल्या असत्या. वहिनींच्या तोंडून निघालेलं एक वाक्य माझ्यासाठी दुकानाच्या पाटीसारखं होतं. त्यांना हे माहीत होतं, कारण मी ते तिथेच, नर्सच्या समोर, बोलून दाखवलं होतं.

मांजरपाट मला तंबू शिवणाऱ्या पेशावरी कारागिरांच्या गल्लीत मिळाला. ते तंबूला आतून अस्तर लावतात ते कापड. तिथला म्हातारा विचारू लागला की बाई, वाळवंटात राहायला जाताय का. मी म्हटलं, नाही, वाळवंट घरात आणतेय. तो इतका हसला की भाव पाडायला मला फार कष्ट पडले नाहीत. बिनरंगाच्या लोकरीच्या पट्ट्या मात्र जिकिरीने मिळाल्या. सुकात जमिनीवर बसून विकणारी एक बुरखेवाली बेदुइन, म्हणजे वाळवंटी टोळीतली, म्हातारी होती. पट्ट्यांत मेंढीचा पांढरा, तपकिरी आणि काळा, असे तिन्ही जन्मजात रंग होते. मी किंमत पाडत गेले तशी ती पट्ट्यांची गुंडाळी आपल्या मांडीखाली सरकवत गेली. शेवटी गुंडाळी दिसेनाशीच झाली आणि मला हार मानावी लागली. कुवेतमध्ये माझ्याशी भावात जिंकलेली ती एकटी.

खोलीला मी नवरात्राच्या आधी हात घातला. वहिनींचा जांभळा सोफा मांजरपाटाच्या खोळीत गेला. पाठीवर लोकरीच्या पट्ट्या. काचेचं टेबल हलवून तिथे खजुरीच्या पात्यांची चटई आणि पाट. करताना कळलं की एकाच रंगाची खोली करायची तर हाताला लागणारा पोत बदलत राहावा लागतो. खरखरीत पट्टी, मऊ सूत, गुळगुळीत पितळ. सगळंच मऊ झालं तर खोली झोपी जाते. पितळी परातीत मी लुमी भरली, म्हणजे इथल्या मटणाच्या रश्श्यात घालतात ती वाळवून काळी झालेली लिंबं. दिसायला सुपारीची मोठी बहीण, आणि खोलीत शिरलं की आंबूस, धुरकट वास. वहिनींच्या मुली शाळेतून आल्या, त्यांनी परातीत नाक घातलं आणि एकमेकींशी इंग्रजीत काहीतरी बोलून खिदळल्या. मग दर तासाला येऊन पुन्हा हुंगून जाऊ लागल्या.

घटाच्या टोपलीत गहू पेरला होता. अंधारात ठेवला की अंकूर पिवळे धमक निघतात आणि उजेड लागला की हिरवे होतात, हे गावाकडे प्रत्येकीला माहीत असतं. पण त्या वाळूच्या खोलीत मधोमध तो पिवळा तुरा ठेवला तेव्हा तो मी पहिल्यांदाच बघतेय असं वाटलं. दसऱ्याला ते अंकूर उपटून सगळ्यांनी कानामागे खोचले. टोपली रिकामी झाली आणि खोलीतला जीवच गेला. मग मी ठरवलं, डिसेंबरासाठी पुन्हा पेरायचं.

वहिनी दचकल्या. नवरात्र संपल्यावर धान पेरलेलं चालतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देवाचं ते देवाला गेलं, हे नुसते गहू आहेत, त्यांना तिथी कळत नाही. वसईच्या नर्सने तर आणखी एक गंमत सांगितली. त्यांच्याकडे नाताळाच्या आधी ताटलीत नाचणी पेरतात आणि ते अंकूर येशूच्या गोठ्यात शेत म्हणून ठेवतात. मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या घटातलं आणि तिच्या गोठ्यातलं पीक एकच, आणि इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही आम्हाला दोघींना ते माहीत नव्हतं. पुढे नाताळ जवळ आला तेव्हा एका संध्याकाळी तिची ताटली आणि माझी टोपली आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात शेजारी शेजारी ठेवली आणि वर पातेली पालथी घातली.

दिवाळीत खोली बघायला बायका आल्या. टोपलीच्या जागी पितळी समई आणि मातीच्या पणत्या, बाकी काही हललेलं नव्हतं. ज्या बायका एकमेकींच्या घरी आल्यावर आधी झुंबराची किंमत विचारायच्या, त्या आत आल्या आणि आवाज खाली करून बसल्या. एकीने विचारलं, कुणी केलं हो? वहिनी म्हणाल्या, “आमच्या या बाईंनी शिवलं.” मी तिथेच होते. मी चकलीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हटलं, “केलं. शिवलंसुद्धा.” वहिनी म्हणाल्या, हो हो, तेच ते. सोबत आलेल्या माझ्या यजमानांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुढे बोलले नाही. बायका आपल्यातल्याच होत्या. मला थांबायचं होतं ते डिसेंबरासाठी.

डिसेंबरात नर्सने सुचवलं म्हणून एक वाळकी फांदी आणली, रस्त्याकडेच्या अथलाच्या, म्हणजे झाऊच्या झाडाची, पानं झडलेली. वर काय टांगावं हे सुचत नव्हतं. लाल-हिरवे गोळे वहिनींकडे होते पण ते त्या खोलीत ओरडले असते. मग मी पूजेच्या डब्यातल्या कापसाच्या वस्त्रमाळा काढल्या. कुंकवाचं बोट न लावलेल्या, कोऱ्या. फांदीवर सोडल्या तर बर्फ पडल्यासारखं दिसू लागलं, आणि आम्ही दोघींनीही बर्फ कधी पाहिलेला नव्हता. नर्स हसून हसून खाली बसली. म्हणाली, “ताई, तुमच्या गणपतीचे कपडे माझ्या येशूला.” मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, कुणाचे का असेनात. फांदीच्या पायाशी पिवळ्या अंकुरांची टोपली ठेवली, तेवढाच रंग.

नाताळाच्या जेवणाच्या दिवशी अहमदीची मडम आली. उंच, करड्या केसांची बाई, तिथल्या मोठ्या साहेबांची बायको. इतर पाहुणे सरळ ग्लासांकडे गेले. ही बाई दारातच थांबली. मग हळूहळू खोलीभर फिरली. पडद्याचं कापड दोन बोटांत चोळून बघितलं, हळदीच्या शिवणीवरून नख फिरवलं, लुमी हुंगली. वस्त्रमाळांपाशी बराच वेळ उभी राहिली. मी जेवणघराच्या दाराशी खुर्च्यांच्या खोळी ठीक करायच्या निमित्ताने उभी होते. मडमने वहिनींना विचारलं, हे सगळं कुणाचं आहे? अंकूर असे पिवळे कसे?

वहिनींनी इंग्रजीत सांगितलं की लहानपणापासून त्यांना याची आवडच आहे, लंडनहून नणंद मासिकं पाठवते, त्यातून सुचत जातं. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, ही आमची टेलर. सांगेन तसं छान शिवते.

माझं इंग्रजी गिऱ्हाइकांकडून उचललेलं, पण एवढं कळायला पुरेसं होतं. मी पुढे गेले आणि मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाले की मॅडम, ही खोली माझी आहे. मडमने आधी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. वहिनी गोड हसल्या आणि तिला म्हणाल्या की फार जीव लावते हो ही कामाला. मडमही हसली. बाई चांगली असावी, तिने माझ्या दंडावर हातही ठेवला. पण तो हात टेलरच्या दंडावर ठेवलेला होता. इतक्यात कुणीतरी तिला जेवायला बोलावलं.

मी तिथे तमाशा केला नाही. यजमानांची नोकरी डॉक्टरांच्या इस्पितळात होती. टोपली मात्र उचलली आणि बाहेर पडले. बसमध्ये लोक माझ्या मांडीवरच्या पिवळ्या गवताकडे बघत होते.

चार-सहा दिवसांनी वहिनी मिरकाबला आल्या. एरवी त्या गाडीतूनच हॉर्न वाजवायच्या आणि मी खाली जायची. त्या दिवशी जिने चढून आल्या, दम लागलेला होता. नर्स माझ्याकडेच बसली होती. वहिनींनी टोपलीचा विषय काढला नाही. सांगू लागल्या की मडमने त्यांना क्लबची पाहुण्यांची खोली सजवायला सांगितलीय, पुढच्या ऑक्टोबरपासून तिथेही असंच हवंय, सगळी शिलाई मलाच देणार, त्यात माझा फायदाच आहे. मांजरपाट कुठून आणला ते हवं होतं. अंकूर पिवळे कसे ठेवायचे तेही.

मी विचारलं, “वहिनी, शब्द काय दिला होता?”

“अहो बाई, त्यांना काय कळणार आहे, तुम्ही कोण न् मी कोण. काम आलं ना शेवटी घरात?”

“कुणाच्या घरात?”

वहिनी म्हणाल्या की असल्या ठिकाणी बोलणं-चालणं लागतं, इंग्रजी लागतं, तुम्हाला ते झेपलं नसतं.

मी फोनकडे बोट दाखवलं. “आत्ता लावा अहमदीला. तुमच्या इंग्रजीत सांगा, खोली हिने केली. एवढं सांगितलंत की कापडाची गल्ली दाखवते, पेरायचं शिकवते, शिलाईसुद्धा करते. तुमच्या हाताखाली करते, चालेल मला.”

हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वस्तात दिलेला भाव होता. नर्सने मान खाली घातली होती. वहिनींनी फोनकडे बघितलं, उचलायला हातही थोडा पुढे केला, हे मी शपथेवर सांगते. मग तो हात पर्सकडे गेला. रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाल्या की डॉक्टर खाली थांबलेत. जिना उतरतानाचा त्यांच्या चपलांचा आवाज आम्ही दोघी ऐकत बसलो.

पुढच्या हिवाळ्यात ती क्लबची खोली मी बघून आले. नर्सच्या ओळखीची एक बाई तिथे कामाला होती, तिने मागच्या दाराने आत घेतलं. राग तर होताच, पण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की माझ्याशिवाय ती खोली कशी झाली असेल. पडदे पांढरेशुभ्र, ब्लीच केलेल्या कापडाचे, इस्पितळासारखे. सोफ्यावर कारखान्यात विणलेली शाल. पोत सगळा सारखा, हात कुठेच अडत नव्हता. मधल्या टेबलावर टोपली होती आणि तिच्यात हिरवंगार गवत. मी ते गवत बराच वेळ बघत राहिले. वाईट दिसत नव्हतं. पांढऱ्यावर हिरवं थंडगार वाटत होतं, आणि आपण हे का करून बघितलं नाही, असा विचार त्याही वेळी मनात आलाच. निघताना त्या ओळखीच्या बाईने सांगितलं की ही खोली सलव्याच्या डॉक्टरीण मॅडमनी केलीय, सगळे फार नावाजतात. मी म्हटलं, माहीत आहे.

ऐंशीच्या दशकात माझं बरं चाललं. कुवेतमध्येच हवल्ली भागात छोटं दुकान घेतलं, हाताखाली माणसं आली. एकदा गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या घराचा उजेड कुठून येतो हे विचारल्याशिवाय मी कापड दाखवत नसे. पण अहमदीचा एकही बंगला मला मिळाला नाही. तिथे जे काम निघे ते वहिनींकडे जाई. त्यांनी पुढे त्याचा चांगला जम बसवला, आणि त्यांच्या खोल्या वर्षागणिक सुधारत गेल्या असं ऐकलं. ऐकून मला आनंद झाला नाही, नवल मात्र वाटलं. अंगात एवढं होतं तर मग माझं घ्यायची गरज काय होती?

हाच प्रश्न मला आजही सोडत नाही. त्यांच्याकडे घर होतं, नवऱ्याचं नाव होतं, इंग्रजी होतं. माझ्या नावाचं एक वाक्य उच्चारल्याने यातलं काही कमी झालं नसतं. उलट असली बाई आपल्याला सापडली, हीसुद्धा मिरवायची गोष्टच होती. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला आहे, त्यांच्या बाजूनेसुद्धा. मला उत्तर सापडत नाही, आणि हिशोब न लागलेला सौदा मला झोपू देत नाही.

त्या आता पुण्यात असतात. मागे एका लग्नात भेटल्या. बरोबरच्या बायकांना माझी ओळख करून दिली, “या आमच्या कुवेतच्या शिंपीणबाई, हातात फार सफाई.” मी नमस्कार केला आणि जेवायला न थांबता निघाले, कारण दुसऱ्याच्या मांडवात मला तोंड उघडायचं नव्हतं.

इथे उघडते. वहिनी, तुम्ही शब्द दिला होता आणि तो ऐकणारी बाई अजून आहे, वसईलाच आहे. मला माफी नको. भरपाई तर मुळीच नको. त्या दिवशी माझ्या घरात फोनकडे गेलेला तुमचा हात तुम्ही मागे का घेतलात, तेवढं सांगा. मला एकटीला नाही. ज्यांच्यासमोर मला शिंपीण म्हणालात, त्या सगळ्यांना बसवा, मलाही बोलवा, आणि त्यांच्यासमोर सांगा.